ओळंब्याचा गिलावा

धुकं इतकं दाट होतं की खालच्या पायरीवरून गल्लीची वरची पायरी दिसत नव्हती. वारा सुटला होता, पण धुकं हलवायचं सोडून तो माणसांच्याच बरगड्यांत शिरत होता. अशा सकाळी ओळंबा उकिडवा बसून माल कालवत होता. वाळू आदल्या दिवशीच चाळून ठेवली होती. थंडीत माल उशिरा धरतो म्हणून पाणी हात राखून घालत होता, आणि तोंडाने शिव्या चालू होत्या. आधी वाऱ्याला, मग फावड्याच्या सैल दांड्याला, मग शेजारच्या न्हाव्याच्या कोंबड्याला. कोंबड्याने काही केलं नव्हतं, पण ओळंब्याला शिवी द्यायला कारण लागतंच असं नाही.

हे त्याचं खरं नाव अर्थातच नव्हे. ओळंबा म्हणजे गवंड्याचं दोरीला बांधलेलं लोखंडी वजन. भिंत सरळ आहे का ते त्याने बघतात. हा गवंडी ते वजन भिंतीला जेवढं लावी तेवढंच माणसांनाही लावी. तरुणपणी एका ठेकेदाराने कामावर सगळ्यांसमोर त्याच्या आईवरून शिवी दिली. याने खिशातून दोरी काढली, एकदा डोक्यावरून गरकन फिरवली आणि ठेकेदाराच्या गळ्याखालचं हाड कडकन मोडलं. तुरुंगातून सुटून आला तेव्हा गल्लीने त्याचं नाव बदललेलं होतं. पुढे एकदा वीटभट्टीच्या ड्रायव्हरच्या कानाचा तुकडा तोडला, तो दातांनी. बायको महिनाभर नांदली आणि पळाली, त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. जगात त्याला उलटा हात लगावू शके अशी एकच व्यक्ती होती, त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच याला कडेवर वाढवला. ताईने कानाखाली जाळ काढला तरी हा मान खाली घालून उभा राही. तिचं घर याच गल्लीत होतं आणि तिच्या घराच्या मागे ती भिंत होती.

डोंगर अडवून धरायला कुणीतरी कधीतरी बांधलेली दगडी भिंत. ताईच्या स्वयंपाकघराच्या मागे नेमकं तिला पोट सुटलं होतं. पोटावर तिरपी भेग होती, तिच्यात ओळंब्याचा पंजा मनगटापर्यंत जाई. पावसात भेगेतून आणि खालच्या भोकांतून गढूळ पाणी गळे आणि ताईच्या शेगडीखाली साचे. रात्री मधूनच आतला एखादा दगड कुरकुरे. ताईचा नवरा शिलाईचं काम करायचा. तो म्हणे, "आजारी माणूस कूस बदलतो ना, तसा आवाज येतो."

आता सरकारी खात्याने शहरातल्या सगळ्या अशा भिंती तपासायला काढल्या होत्या. ज्यांची हालत जास्त वाईट त्या यंदा बांधणार, बाकीच्या मागाहून. बातमी आली तशी सगळी गल्ली साफसफाईला लागली. यात गल्लीची चूक म्हणावी तर आहे, आणि नाहीही. मागे नळ आले तेव्हा आधी कुणाला मिळाले? ज्यांच्या गल्ल्या झाडून पुसून लख्ख होत्या त्यांना. ही गल्ली चिखलाने भरलेली बघून साहेब नाकाला रुमाल लावून मागे फिरला होता, ते सगळ्यांच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं. म्हणून या वेळी न्हाव्याने उकिरडा उचलला, ताईने पायऱ्या घासल्या आणि ओळंबा म्हणाला, "भिंतीचं माझ्यावर सोडा."

त्या धुक्याच्या सकाळी त्याने कामाला हात घातला आणि दोन दिवसांत भिंतीचा कायापालट केला. भेगेत दगडाच्या कपच्या ठोकून ठोकून बसवल्या. पोटाच्या वर आणि खाली जाड माल चढवत नेला, इतका की सुटलेलं पोट त्यात बुडालं. खालची पाणी गळायची भोकं दिसायला घाण दिसतात म्हणून तीही बुजवली. वरून रंधा असा फिरवला की भिंत घोटलेल्या कागदासारखी झाली. शेवटी दोरी सोडून वजन लावलं. वरून खालपर्यंत एका रेषेत.

"गवंड्याच्या गल्लीत फुगलेली भिंत म्हणजे शिंप्याच्या ढुंगणाला फाटकी विजार," तो म्हणाला आणि मेहुण्याकडे बघून हसला.

"ती माझीच आहे फाटकी," दाजी म्हणाले. "पण मेव्हण्या, ते पाणी आता जाणार कुठून?"

"दाजी, तुम्ही सुईत दोरा ओवा. भिंतीचं मला कळतं."

पुढच्या आठवड्यात तपासणीची बाई आली. इंजिनिअर होती. डोक्यावर टोपी, पायात चिखलाचे बूट, सोबत फीत धरायला एक माणूस. बाईंनी गल्लीला साध्या भाषेत सगळं सांगितलं. भिंत किती फुगलीय, किती फाटलीय, पाणी कुठून येतं आणि खाली माणसं किती राहतात, यावरून गुण पडतात. जास्त गुण, ती भिंत आधी. मग हातोडीने त्यांनी भिंत ठोकून पाहिली. कपच्या घट्ट होत्या, आवाज भरीव आला. आपल्याजवळचं लोखंडी वजन दोरीने सोडलं, तेही सरळ आलं.

"गिलावा नवा दिसतोय. खाली काय होतं?"

"काही नाही मॅडम," ओळंबा म्हणाला. गुणांचं त्याने ऐकलं होतं, पण स्वतः घोटलेल्या भिंतीला सगळ्यांसमोर फाटकी म्हणणं त्याच्या जिभेला जमेना. "रंग उडाला होता. जरा बरं दिसावं म्हणून."

"पाणी येतं का?"

गल्ली एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. पाहुण्यासमोर घरातली गळती कोण सांगणार?

"मी तुमच्या सांगण्यालाही गुण देते," बाई म्हणाल्या. "कुणाला काही सांगायचंय?"

दाजी पुढे झाले. "मॅडम, तसं बघितलं तर..."

ओळंब्याने मायेने ठेवावा तसा दाजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि अंगठा गळ्याच्या हाडामागे रुतवला. दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. बाकीच्यांना वाटलं धुळीने आलं.

"तसं बघितलं तर बरं आहे," दाजी म्हणाले.

महिनाभराने खात्याचा रंगारी डबे घेऊन आला. यंदा बांधायच्या भिंतीवर लाल गोल, नंतरच्या भिंतीवर पिवळा. ओळंब्याच्या गुळगुळीत भिंतीवर त्याने पिवळा गोल काढला.

"एवढा सुंदर गिलावा, वाईट वाटतं खराब करायला," रंगारी म्हणाला.

"पिवळा म्हणजे कधी?"

"दोन वर्षं. चार वर्षं. लाल संपतील तेव्हा."

"लाल कुणाला दिला?"

"शेवटचा लाल टाकीमागच्या वस्तीला. त्यांची भिंत बघवत नाही. झाड उगवलंय आतून."

तेवढ्यात दाजी हसले. आनंदाने नव्हे, माणूस कधी कधी रडायचं तर हसून बसतो तसं. "सांगत होतो," ते म्हणाले, "तेव्हा माझा गळा धरला याने. भेग हाताएवढी होती. याने लपवली."

ओळंब्याने बुक्की मारली. दाजी पाठीवर पडले आणि ओठातून रक्ताची धार लागली. मग जे झालं त्याला भांडण म्हणणं म्हणजे पुराला ओल म्हणणं. वर्षानुवर्षं या माणसाचा मार खाल्लेली गल्ली एकदम अंगावर आली. न्हाव्याने खुर्चीचा पाय काढून आणला. ओळंब्याने तो हिसकावून त्याचेच दोन दात पाडले. दूधवाल्याने मागून कंबर धरली, त्याला याने पायऱ्यांवरून भिरकावला, तो तीन पायऱ्या घसरत गेला आणि हात धरून विव्हळत बसला. रंगारी डबे टाकून पळाला. पिवळा रंग पायऱ्यांवरून ओघळला आणि त्यात लोक घसरून पडू लागले. ओळंब्याचा हात खिशात दोरीकडे गेला तेव्हा ताई बाहेर आली. हातात कोळशाचं फावडं होतं. तिने ते भावाच्या पाठीत घातलं. तो गुडघ्यावर आला. तिने दुसऱ्यांदा घातलं.

"आधी त्यांचं तोंड दाबलंस," ती म्हणाली, "आणि आता फोडतोस?"

ओळंबा उठला नाही. ताईने फावडं टाकलं.

"दोन वर्षं मी त्या भिंतीखाली भाकरी भाजायची का? सांग ना. तू सरळ केलीस ना भिंत? सांग."

जे उत्तर तोंडाने देता येत नाही ते तो हाताने देई, आणि ताईवर हात उचलता येत नव्हता. तो तसाच रक्ताने आणि पिवळ्या रंगाने माखलेला खात्याच्या कचेरीत गेला.

कचेरीत बोलणं झालंच नाही, सुरुवात खुर्चीने झाली. ती त्याने दाराच्या काचेवर घातली. दोन रखवालदार धावले. एकाच्या नाकावर याने कपाळ आपटलं, दुसऱ्याने दांडका त्याच्या पोटऱ्यांवर मारून आडवा पाडला, आणि मग दोघांनी मिळून हिशेब चुकता केला. बाई आतून येईपर्यंत तो फरशीवर पडून काचेवर रक्त थुंकत होता.

"सोडा त्याला," त्या म्हणाल्या. आणि मग त्याला, "बोल."

"माझी भिंत फाटलेली आहे. मी लपवली."

"कशाला?"

"गल्ली चांगली दिसावी म्हणून."

बाईंनी डोळे मिटून घेतले. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"मी ओळंबा लावला, सरळ आला. ठोकून पाहिलं, भरीव आलं. विचारलं, तुम्ही सगळे बरं आहे म्हणालात. मी गुण कुठून देऊ? वाईट भिंती शहरभर आहेत, आणि माणसं, मशीनं आहेत ती एवढ्याच भिंतींपुरती. कुठे माणसं आधी मरतील ते मी अंदाजाने ठरवते. त्या अंदाजात तू माल भरलास."

"आता लाल करा."

"तुझी वर घेतली तर शेवटची लाल खाली येते. टाकीमागच्यांची. तिच्याखालीही माणसंच झोपतात. उद्या सकाळी येते. मी आल्याशिवाय गिलाव्याला हात लावू नकोस. आणि आज रात्री त्या खोलीत कुणी झोपायचं नाही. पाण्याची भोकं उघडी आहेत ना?"

ओळंबा भोकांचं न सांगताच दाराकडे वळला. भोकं कुणी बुजवली होती ते त्याला आणि दाजींनाच माहीत होतं.

परत येताना पाऊस लागला होता. आदल्या आठवड्याचा पाऊस डोंगरात मुरलेलाच होता. त्याने सगळ्यांना घराबाहेर काढलं. ताई शेजारणीकडे गेली. आणि मग तो थांबायला हवा होता, बाईंनी तसं सांगितलंच होतं. पण भिंत आतून आवाज करत होती. कूस बदलणं राहिलं नव्हतं, दातांवर दात घासल्यासारखा आवाज होता. त्याला वाटलं, निदान भोकं मोकळी करावीत, पाणी तरी निघेल. छिन्नी खालच्या भोकावर ठेवली आणि हातोडा हाणला.

गिलाव्याने पाणी इतके दिवस कोंडलं होतं. छिन्नी आत गेली आणि परत आली ती पाण्याने फेकलेली. धार त्याच्या छातीवर बसली, तो मागे कोलमडला. मग वरचा गिलाव्याचा गुळगुळीत थर एका अखंड तुकड्यात सुटला, पायऱ्यांवर फुटला, आणि त्यामागे भिंतीचं पोट उघडं पडलं. भेग आता पंजाएवढी नव्हती. माणूस आडवा मावला असता.

"तुझे दाजी!" ताई किंचाळली. "आत गेलेत, मशीन आणायला."

शिलाईचं मशीन. घरात तेवढंच कमावतं लोखंड होतं. ओळंब्याने स्वयंपाकघराचं दार लाथेने उडवलं. दाजी मशीन उचलून वळत होते तेवढ्यात मागची भिंत आत आली. आवाज झाला नाही असं त्याला पुढे नेहमी वाटे. फक्त अंधार झाला आणि तोंडात माती आली. दगडांनी शेगडी चिरडली, भांड्यांची मांडणी काडीसारखी मोडली, आणि दगडाची एक लांब फाडी घसरत दाजींच्या पायावर येऊन टेकली. मागून दुसरी येत होती. ओळंब्याने उजवा हात मध्ये घातला. विचार करून नव्हे. तो कधी विचार करून हात घालत नसे. दोन दगडांमध्ये बोटं मोडली ती त्याला ऐकू आली. डाव्या हाताने दाजींची कॉलर धरून त्याने ओढलं. दाजींचा पाय नको त्या जागी वाकला आणि ते ओरडले ते सगळ्या गल्लीने ऐकलं. दात पडलेला न्हावी सगळ्यांत आधी आत शिरला, मागून एका हाताने दूधवाला. पहारीने दगड उचलला. तेव्हा दोघं सुटले, आणि लगेच छपराचा उरलेला भाग खाली बसला.

सकाळी बाई रंगाऱ्याला घेऊन आल्या. पडलेल्या भिंतीपुढे उभ्या राहिल्या. बराच वेळ त्यांनी फीत काढलीच नाही. मग उरलेल्या भागाला वजन लावलं. गल्लीतली आणखी चार घरं त्या उरलेल्या भागाखाली होती, आणि तो भाग दोरीपासून वीतभर पुढे आला होता.

"लाल," त्या रंगाऱ्याला म्हणाल्या. मग हळू आवाजात, "आणि टाकीमागे जाऊन पिवळा कर."

दुपारी टाकीमागची वस्ती आली. हातांत गज आणि पहारी. पुढे त्यांचा पैलवान, मान आणि खांदा यांत फरक नसलेला. ओळंबा पडक्या घरापुढे दगडावर बसला होता, उजवा हात फडक्यात गुंडाळलेला.

"तूच तो?" पैलवान म्हणाला.

"मीच."

"तुझी पडली. वाईट झालं. आता आमची पडायची वाट बघायची का? म्हातारी आई झोपते माझी तिच्याखाली."

"आपली भिंत पण यानेच लिंपायला हवी होती," मागून कुणीतरी म्हणालं. "आत्तापर्यंत पडून मोकळी झाली असती आणि लाल मिळाला असता."

दोघंतिघं हसले. ओळंब्याने डाव्या हाताने दोरी काढली. सवयीने वजन डोक्यावर एकदा फिरलं, हवेत घूं आवाज झाला, पुढची माणसं मागे सरली. पैलवान सरला नाही. पण डावा हात तो डावा हात. वजन पैलवानाच्या दंडावर बसलं, हाड मोडलं नाही, आणि पैलवानाने दोरी धरून ओढली तसा ओळंबा त्याच्या पायाशी येऊन पडला. मग गज चालले. पाठीवर, मांड्यांवर, फडक्यातल्या हातावर. पहिल्या दोन फटक्यांना त्याने शिव्या दिल्या. नंतर त्याला काहीतरी सांगायचं होतं आणि तोंडात रक्त होतं.

"पाणी," तो म्हणाला.

"मागतोय बघ," एक जण म्हणाला.

"तुमच्या भिंतीचं पाणी. खालची भोकं. कुणी बुजवलीत का?"

पैलवानाचा गज वरच राहिला. "उंदीर येतात," तो म्हणाला. "आम्ही चिंध्या कोंबल्यात."

"काढा. आजच. ठोकायचं नाही, हाताने काढा, उभं बाजूला राहून. आणि आईला पुढच्या खोलीत झोपव."

पैलवानाने त्याच्याकडे पाहिलं. मग, अर्धवट टाकलेलं काम पुरं करावं तसा, आणखी एक गज त्याच्या पाठीत घातला. "हा आमच्या लाल गोलाचा," तो म्हणाला आणि माणसं घेऊन गेला. कुणीतरी पुढे सांगितलं की त्या संध्याकाळी टाकीमागे रस्त्यावर गढूळ पाण्याचा ओढा वाहत होता. झाड अजून भिंतीतच आहे. गोल पिवळाच आहे.

खात्याची माणसं गल्लीत आली, नवी भिंत पायापासून उभी राहू लागली. तिला खाली ओळीने भोकं ठेवली होती. ओळंब्याला त्या कामावर कुणी घेतलं नाही. त्याने विचारलंही नाही. उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत ती होतच नाहीत.

ताईचं स्वयंपाकघर मात्र कुणाच्या लाल-पिवळ्यात बसत नव्हतं, ते ज्याचं त्याने बांधायचं होतं. दाजी अंगणात खाटेवर, पायाला इस्पितळातलं प्लास्टर. मशीन शेजारी ठेवलेलं, चाक वाकलेलं.

"हे प्लास्टर बघ," दाजी म्हणाले. "घट्ट बसलंय. तुझ्या हातचं नाही म्हणून."

ओळंब्याचे कान लाल झाले. जुना ओळंबा असता तर खाट उलटी झाली असती. गल्लीतले दोघं-चौघं थांबून बघू लागले, उलटते की काय.

"दाजी," तो म्हणाला, "तोंड बंद ठेवा."

"आता बंद ठेवायची सवय गेली," दाजी म्हणाले.

ताई उंबरठ्यावरून बघत होती. फावडं तिच्या हाताजवळच होतं. तिने ते उचललं आणि भावापुढे टाकलं.

"वाळू आलीय," ती म्हणाली. "ओली आहे. आणि मागच्या भिंतीला गिलावा नको. दगड दिसू दे मला."

तो उठला. चाळणीची एक बाजू दगडावर टेकवली, दुसरी गुडघ्यावर घेतली. डाव्या हाताने फावडं धरून पहिला घास चाळणीवर टाकला आणि मोडक्या हाताच्या तळव्याने ती हलवू लागला. ओली वाळू जाळीला चिकटत होती. त्याने वाळूला शिवी दिली आणि पुन्हा हलवली.